विश्लेषण : हरवलेला मामा तलाव सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशात सापडेल का?

गोंदिया जिल्ह्यात नव्याने आलेल्या माणसाला ‘मामा तलाव’ हा शब्द ऐकून पहिला प्रश्न पडतो, कुणाचा मामा? हा मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. सरकारी कागदांत शब्द लांबत गेला, म्हणून बोलताना तो आखडला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव असल्याचे सांगितले जाते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्याची शेती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर उभी आहे.

यातल्या एखाद्या तलावाचे खोलीकरण किंवा अतिक्रमण हटवण्याचा विषय निघाला, की गावात तेच प्रश्न येतात. पाळ पूर्वी कुठपर्यंत होती? बुडीत क्षेत्र किती होते? पाणी कोणत्या नाल्याने यायचे? गावातली म्हातारी माणसे एक सांगतात, तलाठ्याकडचा नकाशा दुसरेच दाखवतो आणि मोबाइलवरच्या उपग्रह चित्रात तिथे सरळ धानाच्या बांध्या किंवा प्लॉट दिसतात. या तिघांशिवाय एक चौथा साक्षीदार आहे, विसाव्या शतकाच्या मध्यावर वापरात असलेले भूरूपदर्शक नकाशे, म्हणजेच टोपोशीट. ते काय सांगू शकतात आणि काय सांगू शकत नाहीत, ते पाहू.

हे नकाशे नेमके कोणते?

दोन प्रकारचे नकाशे इथे उपयोगी पडतात. पहिला, भारतीय सर्वेक्षण विभागाचा म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा ‘एक इंच’ नकाशा. १७६७ मध्ये स्थापन झालेली ही देशातली सर्वांत जुन्या सरकारी खात्यांपैकी एक संस्था. ‘एक इंच’ म्हणजे कागदावरचा एक इंच हा जमिनीवरचा एक मैल. एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून त्याचे प्रमाण १ : ६३,३६०. देशाने १९५६ मध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा केल्यानंतर हळूहळू १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांनी याची जागा घेतली. त्यात कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर.

दुसरा नकाशा अमेरिकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या ‘आर्मी मॅप सर्व्हिस’ने जगातल्या अनेक देशांचे नकाशे तयार केले. भारत-पाकिस्तानसाठीच्या मालिकेला ‘यू-५०२’ असा क्रमांक आहे आणि प्रमाण १ : २,५०,०००. भारताचे हे नकाशे मुख्यतः सर्व्हे ऑफ इंडियाच्याच जुन्या नकाशांवरून १९५० च्या दशकात संकलित झाले. मालिकेच्या क्रमांकरचनेनुसार गोंदिया शहराचा भाग ‘एनएफ ४४-१०’ या चौकटीत येतो.

आपले गाव कोणत्या शीटवर आहे, हे कसे कळणार?

सर्व्हे ऑफ इंडियाने देशाचे चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. प्रत्येक चौकोनाचे सोळा भाग केले, त्यांना ए ते पी अशी अक्षरे दिली. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे, १ ते १६. हा शेवटचा तुकडा म्हणजे आपले एक टोपोशीट. गोंदियाच्या अक्षांशावर त्यात साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच भूभाग मावतो.

गोंदिया जिल्ह्याची गंमत अशी, की ८० अंश पूर्व रेखांश जिल्ह्यातून उभे जाते आणि ते ५५ व ६४ या दोन मोठ्या चौकोनांची सीमा आहे. त्यामुळे तिरोडा शहर ‘५५ ओ’ मध्ये, तर गोंदिया शहर ‘६४ सी’ मध्ये. २१ अंश उत्तर अक्षांश जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आडवे जाते, म्हणून नवेगावबांध ‘६४ डी’ वर सरकते. गोंदिया शहराचे शीट ६४ सी/३, तिरोड्याचे ५५ ओ/१५ आणि नवेगावबांधचे ६४ डी/१. गुगल मॅपवर गावावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश मिळतात. त्यावरून कोणत्याही गावाचे शीट पाच मिनिटांत काढता येते.

त्या काळचा गोंदिया नकाशात कसा दिसतो?

पहिला धक्का राज्याच्या नावाचा बसतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातले गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १ मे १९९९ रोजी. म्हणजे १९५६ आधीच्या नकाशावर बालाघाटची सीमा ही दोन राज्यांमधली नाही, एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांमधली आहे. शेजारच्या दुर्गचे स्पेलिंग तेव्हा ‘ड्रग’ असे होत असे, हेही पाहून घ्यावे. नाहीतर शोधताना गोंधळ होतो.

मग लक्ष जाते रेल्वेकडे. नागपूर-राजनांदगाव मार्ग १८८० च्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेकडे आला आणि ब्रॉडगेज झाला. गोंदियाहून उत्तरेला बालाघाट-जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे जाणारे दोन्ही मार्ग मात्र नॅरोगेज, म्हणजे रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. नकाशात ब्रॉडगेज आणि नॅरोगेज यांची चिन्हे वेगळी असतात, त्यामुळे गोंदिया हे गेज बदलण्याचे जंक्शन असल्याचे एका नजरेत कळते. ते दोन्ही मार्ग आता ब्रॉडगेज झाले आहेत.

नागपूरहून साकोली, कोहमारा, देवरी असा रायपूरकडे जाणारा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ तेव्हाही होता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि आता ५३ आहे. बाकी बहुतेक गावांना जोडतात त्या बैलगाडीच्या वाटा. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. बोदलकसा (१९१७) आणि चोरखमारा (१९२३) हे इंग्रजी अमदानीतले मोठे तलावही त्या काळात तयार होते.

जे नाही तेही तितकेच बोलके आहे. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण नंतरचे, १९७० च्या सुमाराचे. त्याच परिसरात १९७२ मध्ये वसलेली तिबेटी वसाहतही अर्थातच या नकाशात नाही. नागझिरा अभयारण्य १९७० चे आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. त्यामुळे तिथे फक्त राखीव जंगलाची हद्द दिसते.

तलावांसाठी नेमका हाच काळ महत्त्वाचा का?

कारण याच काळात तलावांचा मालक बदलला. मालगुजार हा इंग्रज काळात गावचा सारा गोळा करणारा जमीनधारक. तलाव बांधण्यात आणि राखण्यात त्याचा पैसा आणि गावाचे श्रम असत. या भागात तलाव बांधण्याचे कसब कोहळी समाजाकडे होते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधल्याची परंपरा आहे.

१९५० मध्ये मध्य प्रदेश सरकारने मालगुजारीचे हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क सरकारजमा झाले. त्यासोबत बहुसंख्य तलावही आले. शेतकऱ्याला मालगुजारापासून मोकळे करणारा हा कायदा न्यायाचा होता, यात शंका नाही. पण तलावाच्या देखभालीची जुनी घडी त्याच वेळी मोडली. पावसाळ्याआधी पाळीवर माती कोण टाकणार, सांडवा कोण मोकळा करणार, गाळ कोण काढणार, हे ठरवणारी व्यवस्था गेली आणि नवी बसायला वेळ लागला. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले.

म्हणून या काळातला नकाशा म्हणजे हस्तांतराच्या वेळची यादीच आहे, फक्त चित्रात काढलेली. सरकारच्या हाती काय आले होते, ते त्यात दिसते. त्याच्याशी आजची स्थिती ताडली की गेल्या सत्तर वर्षांत काय गमावले, हे कळते. जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना जाहीर केली. त्यात २४ लाखांहून अधिक जलसाठे मोजले गेले. ती गणना मोलाची आहे, पण तिच्यातही अडचण आहे. ज्या बोडीवर चाळीस वर्षांपूर्वीच घरे उभी राहिली, ती गणना करणाऱ्याला दिसणार कशी?

त्या काळी मोजणी कशी होत असे?

या मोजणीचा पाया १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने घातला. तो मोजत मोजत उत्तरेला आला आणि १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम नेले. डोंगरमाथ्यांवरून त्रिकोण साधत सगळ्या देशावर ठरलेल्या बिंदूंचे जाळे उभे राहिले.

या जाळ्यात तपशील भरण्याचे काम प्लेन टेबलवर व्हायचे. तीन पायांवर ठेवलेला सपाट लाकडी फळा, त्यावर कागद आणि दुरून नेम धरण्याची पट्टी. आधी मोजलेल्या दोन-तीन टेकड्यांकडे नेम धरून सर्वेक्षक स्वतःची जागा कागदावर पक्की करायचा आणि मग समोर दिसणारा नाला, पाळ, विहीर, वाट जागेवरच काढायचा. सोबत खलाशी असत. सर्व्हे खात्यात मदतनिसाला आजही हाच शब्द आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या सर्व्हे कॅम्पमध्ये आम्ही कॉलेजच्या मैदानाचा असा नकाशा काढला होता. अर्धा दिवस उन्हात घालवून दोन झाडे आणि एक पाण्याची टाकी जागेवर आली. या माणसांनी नागझिऱ्याच्या जंगलातून असे काम केले, हे लक्षात ठेवून नकाशा पाहिला की त्याच्या प्रत्येक रेषेबद्दल आदर वाटतो. पुढे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांची जोड मिळाली.

शीटवर तलाव कसा ओळखायचा?

रंगांपासून सुरुवात करा. पाणी निळे, जंगल हिरवे, शेती पिवळी, समोच्च रेषा तपकिरी, रस्ते आणि वस्ती लाल. ज्या तलावात वर्षभर पाणी राहते तो निळा भरलेला असतो. उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांच्या आणि तलावांच्या रेषा काळ्या असतात. म्हणजे त्या काळी कोणत्या तलावात मे महिन्यातही पाणी असे, याची नोंदच तिथे आहे.

तलावाच्या एका बाजूला दातेरी रेषा दिसली तर ती पाळ. तिच्याजवळ ‘४’ आणि त्यापुढे इंग्रजी छोटा ‘आर’ असेल, तर ती सापेक्ष उंची, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासून पाळ किती उंच आहे ते. जुन्या शीटवर हा आकडा फुटांत, नव्यावर मीटरमध्ये.

सगळ्यात मोलाच्या त्या तपकिरी समोच्च रेषा. एका रेषेवरचे सगळे बिंदू सारख्या उंचीवर असतात. एक इंच नकाशात दोन रेषांमध्ये साधारण ५० फुटांचे अंतर, तर १ : ५०,००० मध्ये २० मीटरचे. पाळीपासून सुरुवात करून वरच्या दिशेने बघत जा. जिथे रेषा इंग्रजी ‘व्ही’सारखी वळते आणि तिचे टोक चढाकडे असते, तिथे नाला. जिथे टोक उताराकडे असते, तिथे टेकडीची सोंड. सगळ्या सोंडा जोडल्या की तलावाचे पाणलोट क्षेत्र पेन्सिलीने आखता येते.

हे का करायचे? कारण तलाव फक्त पाळ फोडून मरत नाही. वरच्या अंगाला रस्त्याचा भराव पडला, नाला शेताच्या धुऱ्याने वळवला, लेआउट पडले, की तलावाला हातही न लावता त्याचे पाणी तुटते. धानपट्ट्यात तर अनेक तलाव साखळीत आहेत. वरचा भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्याला. वरची एक कडी तुटली की खालच्या गावाची रोवणी अडते, आणि खालच्या गावाला कारण कळतही नाही. खोलीकरणासाठी निधी आला, गाळही निघाला, तरी तलाव भरत नाही, अशी तक्रार जिथे असेल तिथे आधी हा जुना येवा तपासायला हवा.

नकाशात बोडी नाहीच, तर ती नव्हतीच का?

असे म्हणता येत नाही. गणित करून बघा. ४०० मीटर लांब आणि २५० मीटर रुंद, म्हणजे १० हेक्टरचा तलाव एक इंच नकाशात साधारण ६ मिलीमीटर बाय ४ मिलीमीटर दिसतो. तोच अमेरिकी यू-५०२ मध्ये दीड मिलीमीटर बाय एक मिलीमीटर होतो. एका हेक्टरची बोडी त्यात अर्ध्या मिलीमीटरचीही उरत नाही. नकाशा काढणारा ती गाळणारच. म्हणून यू-५०२ मध्ये तलाव दिसला तर ती भक्कम नोंद, पण दिसला नाही तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

दुसरा खड्डा तारखेचा. नकाशावर छपाईचे वर्ष ठळक असते, पण मोजणीचे वर्ष समासात बारीक अक्षरांत असते आणि ते बरेच आधीचे असू शकते. १९५५ मध्ये संकलित झालेल्या नकाशातला तलाव त्याआधी कित्येक वर्षे कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेला असतो. दाव्यात वर्ष लिहायचे ते मोजणीचे.

तिसरा नावांचा. सर्वेक्षकाने गावकऱ्याला विचारले, ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले. ‘टोला’, ‘टोली’, ‘बोडी’ अशी शेपटे कधी जोडली, कधी गळाली. नाव मिळाले नाही तर जागेवरून शोधावे.

आजच्या उपग्रह चित्रावर जुना नकाशा ठेवला, तर?

क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम होते. स्कॅनच्या चार कोपऱ्यांना छापलेले अक्षांश-रेखांश द्यायचे, की नकाशा जागेवर बसतो. पण इथे बहुतेकांची एक चूक होते. जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ या १८३० च्या पृथ्वीच्या आकाराच्या मापावर बेतलेले आहेत, तर मोबाइलचे जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ वर चालते. दोन्हींतल्या एकाच अक्षांश-रेखांशात या भागात जमिनीवर शंभर ते दोनशे मीटरचा फरक पडतो. म्हणजे तलाव सरकून शेजाऱ्याच्या बांधीत जातो आणि नसलेले अतिक्रमण दिसू लागते. सॉफ्टवेअरमध्ये आधी जुनी प्रणाली निवडावी (ती ‘कल्याणपूर’ या नावाने सापडते), मग रूपांतर करावे. शेवटी न हललेल्या खुणांवर ताळा घ्यावा. रेल्वेचा पूल, दोन नाल्यांचा संगम किंवा टेकडीचे टोक यासाठी चांगले.

मग हा नकाशा पुरावा ठरतो का?

अर्धा. टोपोशीट सांगते की तिथे काय होते आणि पाणी कुठून यायचे. ते कुणाचे होते, हे ते सांगत नाही. मालकी आणि हक्कासाठी गावनकाशा, सातबारा आणि जुने बंदोबस्ताचे कागद लागतात. विदर्भात यात निस्तार पत्रकाचे महत्त्व मोठे. सामाईक जमिनींवर गावाचा हक्क कसा, हे त्यात लिहिलेले असते. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी आणि तळ्यांवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्यांना योजना करायला सांगितले. त्याचा आधार घेणाऱ्या ग्रामसभेला कागद आणि नकाशा दोन्ही लागतात. नुसता नकाशा घेऊन गेले, तर ‘जमीन कुणाची’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते. नुसता सातबारा घेऊन गेले, तर ‘पाणी कुठून येत होते’ याला.

हे नकाशे मिळतात कुठे?

यू-५०२ मालिका अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. आपल्याकडे नकाशांवर दीर्घकाळ निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी ‘ओपन सिरीज’ नकाशे वेगळे केले. २०१७ मध्ये ते ऑनलाइन मोफत देण्यास सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नियम आणखी सैल केले. आज सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी करून १ : ५०,००० चे नवे शीट उतरवता येते. ते डब्ल्यूजीएस ८४ वर आहे आणि त्याचा क्रमांकही वेगळ्या पद्धतीचा आहे. जुन्या शीटशी ताडून पाहायला तेच घ्यावे. जुन्या एक इंच आवृत्त्यांसाठी विद्यापीठांच्या भूगोल व भूगर्भशास्त्र विभागांची ग्रंथालये पालथी घालावी लागतात.

ज्या गावात तलावाचा वाद नाही, तिथेही हे काम करून ठेवण्यासारखे आहे. शाळेतल्या मुलांनी गावाचे जुने शीट आणि नवे शीट शेजारी ठेवून तलाव मोजावेत, आजी-आजोबांना त्यांची नावे विचारावीत आणि ती वहीत उतरवून ग्रामपंचायतीत द्यावीत. नकाशा कागदावर टिकून आहे. पण त्यातल्या कोणत्या निळ्या ठिपक्याला गाव काय म्हणत असे, हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.